एक्स्पोसितो घराणे

चामराजपेट, बंगळूर
४ जानेवारी १९५९

बंगळुरातल्या माझ्या मराठी बंधूंनो आणि भगिनींनो,

तीनशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज या गावात आले ते तलवार घेऊन आले, भाषा घेऊन आले आणि आडनाव घेऊन आले. तलवारी गंजल्या. भाषा उंबऱ्याच्या आत उरली. आणि आडनाव? ते कुठे गळून पडलं, हेसुद्धा आपल्याला आठवत नाही. म्हैसूरच्या रिवाजाप्रमाणे नावाआधी दोन इंग्रजी अक्षरं, एक गावाचं आणि एक बापाचं, आणि नावामागे 'राव', एवढ्यावर आपण तीन पिढ्या काढल्या. आता विमानाच्या आणि टेलिफोनच्या कारखान्यांत पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि पहिल्याच दिवशी आपल्या मुलांना विचारतात, "राव ते कळलं हो, पण आडनाव काय?" आपली मुलं खाली बघतात. मी ते पाहिलं आहे. तुम्हीही पाहिलं आहे.

ही खाली गेलेली मान मला सहन होत नाही. रविवार, ८ फेब्रुवारीला संध्याकाळी आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आपलं आडनाव कोणतं, कुळी कोणती, लग्नात कोणतं देवक बसतं, ते शोधून या. एकेकाने उभं राहून सांगायचं. सांगाल ते सारं 'कुलनामावली' म्हणून छापू.

हंबीरराव तुकोजी जगदाळे
चिटणीस

(याच पत्रकाच्या पाठीमागे, हाताने)

चि. मधुकर यास अनेक आशीर्वाद.

पत्रक वाचलंस ना? आमच्या माडीवर बिऱ्हाड थाटायला आलास त्या दिवशी, ट्रंक जिन्यातच टेकवून तू मला विचारलं होतंस, "अण्णा, तुमचं आडनाव काय?" तेव्हा मी चिडलो होतो. आता तुझे उपकार मानतो. ही सगळी चळवळ त्या जिन्यातून निघाली आहे.

तुला कारखान्याने ट्रेनिंगसाठी स्पेनला धाडलं, ते मला आयतंच फावलं. मी वाचलं आहे की तिथला माणूस बापाचं आणि आईचं अशी दोन आडनावं लावतो, आणि बाई लग्न झालं तरी आपलं आडनाव सोडत नाही. दोन-दोन आडनावं सांभाळणारे लोक कुठे आणि एक हरवून बसणारे आपण कुठे! एखाद्या थोर स्पॅनिश आडनावाचा उगम आणि इतिहास मला लिहून पाठव. सभेआधी पोचेल असा. अक्का विचारते, तिकडे भात मिळतो का?

हंबीरराव


सेव्हिल
२० जानेवारी १९५९

ती. अण्णांस सा. न.

अक्कांना सांगा, भात मिळतो. पण पिवळा, आणि त्यात शिंपले. मी शिंपले बाजूला काढून खातो आणि घरमालकीण ते उचलून स्वतःच्या ताटात घेते.

आडनावांबद्दल. इथली पुष्कळशी 'एझ'ने संपतात. फर्नांदेझ म्हणजे फर्नांदोचा मुलगा. म्हणजे कोणे एके काळी त्यांचंही तुमच्यासारखंच होतं, बापाच्या नावाने मुलाला ओळखायचं. काही गावांवरून पडलेली आहेत, आमच्या 'कर'सारखी. काही धंद्यावरून: एर्रेरो म्हणजे लोहार.

आमच्या मालकीणबाईंचं नाव दोन्या रेमेदिओस; 'दोन्या' म्हणजे आपल्याकडचं 'बाईसाहेब'. दारावर पितळेची पाटी आहे आणि बाई ती दर शनिवारी चिंधीने घासतात. पाटीवर आडनाव आहे 'एक्स्पोसितो'. परवा जेवताना मी त्यांना विचारलं, हे मोठं घराणं आहे का? टेबलावरचे बाकीचे भाडेकरू हसले. माझे उच्चार ऐकून ते रोजच हसतात. बाई म्हणाल्या, "जुनं आहे, फार जुनं. या देशात कुठल्याही गावी जा, आम्ही सापडू. आमच्यासाठी राजाने हुकूम काढला होता." आणि बशा गोळा करून आत गेल्या. राजाचा हुकूम म्हणजे सरदार घराणं असावं. पण मला भाषा अर्धीच कळते. नीट विचारून कळवतो, तोवर हे सभेत वापरू नका.

संताजीरावांच्या नागोजीचं आणि रत्नाबाईंच्या कौशल्येचं लग्न मे महिन्यातच ना? मी तोवर परत येतो. कौशल्येला सांगा, तिने शिकवलेली कानडी मी इथे विसरू नये म्हणून आरशासमोर बोलतो. संताजीरावांना नमस्कार. इतकी चुणचुणीत सून मिळते आहे, त्यांनी माझ्यासाठी पंगतीत जागा धरून ठेवावी.

आपला,
मधुकर वैशंपायन


चामराजपेट, बंगळूर
१० फेब्रुवारी १९५९

चि. मधुकर यास आशीर्वाद.

सभा अशी झाली की बंगळुरात मराठी माणसाने अशी सभा पाहिली नसेल! जिन्यातसुद्धा माणसं उभी होती. मी म्हणालो, "सेव्हिल नावाच्या शहरात एक बाई आहे. एक्स्पोसितो घराण्याची! त्या घराण्यासाठी राजाने हुकूम काढला होता! आज तिच्यावर भाडेकरू ठेवायची वेळ आली, पण दारावरची पाटी तिने उतरवली नाही! आणि तुम्ही? तुमच्या दारावर काय आहे? दोन इंग्रजी अक्षरं!" टाळ्या थांबेनात. वापरू नका असं तू लिहिलं होतंस, ते मी वाचलं. पण सभा काय तुझं स्पॅनिश सुधारेपर्यंत थांबणार होती?

मग एकेक उठला. शितोळे, घाटगे, काळे. नव्वदीचे एक आजोबा आडनाव सांगताना रडले. बायकांच्या रांगेत आपली कौशल्या होती. ती उठून म्हणाली, "आर. कौशल्या." मी म्हणालो, "आर म्हणजे काय?" म्हणाली, "रत्नाबाई." मी म्हणालो, "अगं, ते आईचं नाव. आडनाव सांग." ती गप्प. "बरं, देवक?" गप्प. सभेला जरा जड वाटायला लागलं, म्हणून मी म्हणालो, "टेलिफोन बनवतेस ना गं कारखान्यात? मग पूर्वजांना एक फोन लावून विचारायचं होतंस!" सभागृह हसलं. मागून कोणी ओरडलं, "नंबर लागायचा नाही, अण्णा!" मग तर काय, छत उडायचं बाकी राहिलं.

ती खाली बसली नाही. रत्नाबाईंचा हात धरून बाहेर गेली. मुली हळव्या असतात. स्वल्प थट्टा झाली, सरी, चालायचंच, विसरून जाईल.

एक्स्पोसितो घराण्याचा सविस्तर इतिहास लगेच पाठव. कुलनामावलीच्या प्रस्तावनेत घालायचा आहे.

हंबीरराव


सेव्हिल
२४ फेब्रुवारी १९५९

ती. अण्णांस सा. न.

तुम्ही मागितलेला इतिहास पाठवतो आहे. तो छापा.

तुमचं पत्र मी दोन्या रेमेदिओसना वाचून दाखवलं. मोडक्यातोडक्या भाषेत, हातवारे करून. त्यांच्या आडनावाला भारतात टाळ्या पडल्या म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मग त्यांनी मला सांगितलं.

इथे अनाथगृहाच्या भिंतीत एक फिरती लाकडी पेटी असायची. बाई बाहेरून त्यात मूल ठेवायची, पेटी फिरवायची, घंटा वाजवायची आणि निघून जायची. आतल्या ख्रिस्ती जोगिणी मूल काढून घ्यायच्या. बाहेर कोण होतं ते त्यांनी बघायचं नाही, असा नियम. त्या मुलाला आई नाही, बाप नाही, म्हणून जी आडनावं ठरलेली होती त्यातलं एक म्हणजे एक्स्पोसितो. अर्थ: उघड्यावर टाकलेलं. कुठे कुठे क्रूसाचं, संताचं नावही द्यायचे, पण हे सगळ्यांत जास्त. मग ते मूल मोठं व्हायचं, लग्न करायचं, आणि त्याची मुलं, नातवंडं, पतवंडं तेच आडनाव लावायची. पाच पिढ्यांनंतरही वाचणाऱ्याला कळतं, हे कुठून आले. म्हणून ते देशभर आहेत. म्हणून त्या दिवशी टेबलावरचे लोक हसले. माझे उच्चार ऐकून नव्हे.

राजाचा हुकूमही खरा आहे. दीडशेहून जास्त वर्षं झाली. या मुलांना कायद्याने औरस मानावं, आणि त्यांच्या जन्मावरून कोणी त्यांना वाईट शब्द वापरला, तर त्याने न्यायासनापुढे तो शब्द परत घ्यावा आणि दंड भरावा. हाच तो तुमच्या भाषणातला हुकूम, अण्णा.

चाळीस एक वर्षांपूर्वी सरकारने कायदा केला की हे आडनाव ज्याला नको असेल त्याने फुकट बदलून घ्यावं. बाईंच्या भावाने बदललं. मी विचारलं, तुम्ही का नाही बदललं? म्हणाल्या, "त्या पेटीतून माझे आजोबा आले. भावाने नाव बदललं आणि मग मलाही ओळख देईनासा झाला. आम्हा दोघांत एकाने तरी आजोबांना ओळख द्यायला नको?"

मग त्यांनी विचारलं, "आणि ती मुलगी? तिला नंतर कोणी काय म्हणालं?"

रत्नाबाईंना कौशल्या चिकपेटच्या मारुतीच्या देवळामागे सापडली, हे मला तुमच्याच अक्कांनी पहिल्या वर्षी सांगितलं होतं, कुजबुजत. आपल्या लोकांत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तुमच्या त्या दोन अक्षरांच्या रिवाजात ती बिनधास्त राहत होती. आर. कौशल्या, बी. टी. हंबीरराव, सगळे सारखे. आम्ही पुण्याचे लोक येऊन खोदून विचारायला लागलो आणि तुम्ही तोच प्रश्न व्यासपीठावर नेलात.

मधुकर


चामराजपेट, बंगळूर
९ मार्च १९५९

चि. मधुकर,

पत्र मिळालं. मी तुझ्या दुप्पट वयाचा आहे आणि तुझ्या चौपट पुस्तकं वाचली आहेत. मला उपदेश करताना हे ध्यानात ठेव.

भाषणाच्या ओघात माणसाला प्रत्येकाची कुंडली आठवत नाही. कौशल्येची हकिकत त्या क्षणी माझ्या मनात नव्हती. शिवाय मी तिला वाईट शब्द एकही वापरला नाही. पुन्हा वाचून बघ.

संताजीने लग्न मोडलं आहे. त्याचा दोष माझ्यावर टाकतोस की काय? संताजीला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. मी त्याला म्हणालो, "अरे, माहीत असून तू सुपारी फोडलीस, मग आता काय झालं?" तर म्हणतो, "हंबीर, माहीत असणं वेगळं आणि तुझ्या सभेत दोनशे माणसांसमोर ऐकणं वेगळं. उद्या माझ्या नातवाला कोणी म्हणेल, नंबर लागत नाही." मी त्याला काय सांगणार?

या विषयावर पुन्हा लिहू नये.

हंबीरराव


सेव्हिल
२० मार्च १९५९

ती. अण्णांस,

नाही लिहीत. फक्त तुमची दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. तुम्ही सभेत काय बोललात ते त्यांत आहे, संताजीरावांशी काय बोललात तेही आहे. रत्नाबाईंच्या घरी गेलात, असं कुठेच नाही.

मधुकर


चामराजपेट, बंगळूर
१९ एप्रिल १९५९

चि. मधुकर,

कित्येक दिवस तुला उत्तर लिहायला बसत होतो आणि उठत होतो. उत्तर एका ओळीचं होतं: नाही गेलो. ती ओळ लिहिता येईना, म्हणून शेवटी गेलो.

चिकपेटेत साड्यांच्या ठोक दुकानांमागे रत्नाबाईंची खोली आहे. पोलकी शिवतात. मी दारात उभा राहिलो. त्यांनी मशीन थांबवलं नाही. एक अख्खी बाही जोडून झाली, मग म्हणाल्या, "बसा अण्णा. भाषण उभ्याने करायचं असेल तर तसं करा."

मी बसलो. मी म्हणालो, चूक झाली, मला आठवलं नाही. त्या म्हणाल्या, "खरं बोला." एवढंच म्हणाल्या.

तुलाही मी तेच खोटं लिहिलं आहे. प्रश्न विचारला तेव्हा मला खरंच आठवलं नव्हतं. ती गप्प झाली तेव्हा आठवलं. तिच्याकडे बघितलं आणि लख्ख आठवलं. तिथेच "बस गं बाळ" म्हणालो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. पण दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला तो टेलिफोनचा विनोद सुचला होता. विनोद चांगला होता, मधुकर. तो वाया घालवणं माझ्याच्याने झालं नाही. मागून तो माणूस ओरडला तेव्हा त्याला गप्प करायचं सोडून मी हसलो. व्यासपीठावर, सगळ्यांच्या आधी, मी हसलो.

हे मी रत्नाबाईंना सांगितलं. कौशल्या पडद्यामागे होती. बाहेर आली. मी तिला म्हणालो, "पोरी, माझं आडनाव घे. जगदाळे लाव. माझी मुलगी म्हणून मी तुझं कन्यादान करतो. संताजीच्या तोंडाला कुलूप बसेल." मला वाटलं, फार मोठं देतो आहे.

ती म्हणाली, "अण्णा, तुमचं आडनाव हरवलं होतं तेव्हा तुम्हाला इतकी लाज वाटली. आता सापडलं आहे तर जपून ठेवा. मला नाव आहे."

"मग मी काय करू, ते तूच सांग," मी म्हणालो.

"मला नागोजीशी लग्न करायचं आहे. तोही तयार आहे. मामंजींना पंगत दिसायला हवी. मुलीकडची बाजू दिसायला हवी. आमच्याकडून मी आणि आई, दोघीच." मग म्हणाली, "त्या दिवशी हसले ना, ते सगळे आणून बसवा माझ्या बाजूला. तुम्हाला माणसं जमवता येतात."

तिथून मी पुरोहित भीमाचार्यांकडे गेलो. म्हणालो, आचार्य, मुलीला कुळी नाही, देवक नाही, लग्न लावता येईल का? ते कानडीत हसले आणि मराठीत म्हणाले, "देवक माहीत नसेल तर पंचपल्लव बसवायचा, त्यात काय? पाच झाडांची पानं. तुमच्यातल्या निम्म्या घरांत मी तेच बसवतो, सभेत वेगळं सांगतात ते. शास्त्राची अडचण नाही हो. पानं मी आणतो. माणसं तुम्ही आणा."

संताजी शेवटी एवढं कबूल झाला: मुहूर्त ठरवा, वरात घेऊन मी येतो. पण मांडवात मुलीकडची सतरंजी रिकामी दिसली तर मी वरात दारातून वळवीन, आणि मग माझं कोणी नाव घेऊ नये. मी त्याच्यावर रागावू शकलो नाही. भीती मीच घातली आहे त्याच्या मनात.

कुलनामावलीचे छापायला दिलेले कागद परत आणले. मंडळाची माणसं रस्त्यात मला टाळतात. मी लग्नाचं बोललो की घड्याळ बघतात. एकाने सुनावलं, "अण्णा, आम्ही फक्त हसलो. बोललात तुम्ही." बरोबर आहे त्याचं.

दोन्या रेमेदिओसना माझा नमस्कार सांग. त्यांचं नाव मी न विचारता वापरलं, खोटं वापरलं. त्यांच्या राजाचा तो हुकूम इथे लागू नाही, पण तो मी स्वतःला लावून घेतो आहे. शब्द परत घ्यायचा तो सगळ्यांसमोर घ्यायचा. उद्या पत्रक लिहायला बसतो. आयुष्यात पहिल्यांदा पत्रक लिहायची भीती वाटते आहे.

हंबीरराव


चामराजपेट, बंगळूर
३ मे १९५९

८ फेब्रुवारीच्या सभेत हसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

त्या दिवशी मी तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही परत घेतो.

एक्स्पोसितो हे सरदार घराणं नाही. ज्यांना कोणी उघड्यावर सोडून गेलं, त्या लेकरांना दिलेलं ते नाव आहे. ज्यांच्यासाठी तुम्ही पाच मिनिटं टाळ्या वाजवल्या, ती माणसं रत्नाबाईंच्या कौशल्येसारखी होती. मी नीट न विचारता ते नाव मिरवलं. आणि मग त्याच व्यासपीठावरून, टाळ्यांचा आवाज कानात असताना, मी आपल्यातल्या एका मुलीला उभं करून तिची थट्टा केली. मला तिची हकिकत ठाऊक होती. तुमच्यातल्या बहुतेकांनाही होती. परक्या देशातल्या पोरक्या लेकराला आपण मुजरा केला आणि घरातल्या लेकराला हसलो. माझ्या साठ वर्षांच्या आयुष्यात माझ्या तोंडून याहून हलकं काही निघालेलं नाही. तो शब्द मी परत घेतो. तिच्यापुढे घेतला आहे, आता तुमच्यापुढे घेतो. चिटणीसपद सोडलं आहे.

ती मुलगी तुमच्याकडे आडनाव मागत नाही. दया मागत नाही. तिला इतकंच हवं आहे की लग्नाच्या दिवशी तिच्या बाजूची सतरंजी रिकामी नसावी. ती रिकामी राहिली, तर वरात दारातून परत जाईल आणि त्या मुलीचं लग्न आपण दुसऱ्यांदा मोडलेलं असेल. पहिल्यांदा नुसतं हसून मोडलं. दुसऱ्यांदा घरी बसून.

तुम्हाला वाटेल, अण्णा बोलले, आम्ही नुसते हसलो. मी एकटा बोललो असतो आणि तुम्ही गप्प बसला असता, तर माझा विनोद माझ्याच पायाशी पडला असता आणि ती मुलगी निवांत खाली बसली असती. तिला बाहेर काढलं ते दोनशे माणसांच्या हशाने. तिला आत आणायला तितकीच माणसं लागतील.

येत्या १७ मेला, रविवारी, सकाळी साडेनऊचा मुहूर्त आहे. मंडळाच्या त्याच सभागृहात. मी आणि आमच्या सकवारबाई, तुमच्या सगळ्यांच्या अक्का, आठला येऊन बसतो आहोत. तुम्ही नवरदेवाकडचे नातलग असा, मित्र असा, नाहीतर कोणीच नसा. आहेर आणू नका, भाषणं करू नका, माझ्याशी बोलू नका.

या, आणि मुलीच्या बाजूला बसा.

हंबीरराव